उन्हाचा वाटा

वाठार फाटा,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

प्रिय उदय,

तुझ्या गुऱ्हाळापासून माझ्या चार्जिंग स्टेशनच्या ऑफिसपर्यंत एकशे ऐंशी पावलं आहेत, आणि तरी मी तुला पत्र लिहायला बसले आहे. हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. समोर आले तर मान खाली घालून निघून जातोस. आणि समज थांबलास, तरी दुसऱ्याच वाक्याला माझा आवाज चढणार, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. कागदावर मला ओरडता येत नाही, म्हणून हा कागद. तुझे दाजी गणपतराव तो तुझ्या हातात देतील आणि वाचून होईपर्यंत तिथेच थांबतील. तेवढ्यात त्यांना चहा पाज. बहीणभावांच्या भांडणात त्या माणसाचा काही दोष नाही.

परवा शिदू गुळव्या माझ्याकडे आला होता. आण्णांच्या वेळेपासून आपल्या गुऱ्हाळाचा गूळ ज्याच्या हाताखालून गेला, तो माणूस माझ्या ऑफिसात खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखा टेकला. म्हणाला, मालकांनी गुऱ्हाळ मोडायचं ठरवलंय, रस उकळायची काहील कुणा कोडोलीच्या माणसाला द्यायची बोललेत, दिवाळी झाली की तो न्यायला येणार, आणि मला दुसरीकडे काम बघायला सांगितलंय. चहा प्यायला नाही. त्याच्यासारखा माणूस चहाला नाही म्हणतो तेव्हा गोष्ट हाताबाहेर चालली आहे, एवढं मला कळतं. म्हणून पहिल्यांदाच स्पष्ट सांगते: मला ते गुऱ्हाळ मोडू द्यायचं नाही. गेल्या डिसेंबरात ते थंड का पडलं, याबद्दल गावात जे बोललं जातं ते खोटं आहे. आणि ते खोटं मी बोलले आहे.

पण आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवते, नाहीतर तू हे पत्र भलत्याच अर्थाने वाचशील. वाटा मागितला त्याबद्दल मी माफी मागणार नाही. आण्णांचं वर्षश्राद्ध झाल्यावर हक्कसोडाचा कागद समोर आला. आपल्याकडची रीतच ती. बहिणीने सही करायची, भावाने साडी नेसवायची, आणि पोटभर जेवून सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. तुझ्या बायकोने, शालूने, साडी आधीच आणून ठेवली होती, मोरपंखी, मला आवडते तशीच. मी साडी घेतली आणि सही केली नाही. चुलत्यांचे चेहरे आठवले की मला अजून हसू येतं. कोर्टाची भाषा मी काढली नव्हती, उसाचं रानही मागितलं नव्हतं. महामार्गाच्या कडेचा माळाचा तुकडा द्या म्हणाले, ज्यावर आण्णांनी कधी नांगर घातला नाही. तू म्हणालास, "आक्का, त्या माळावर कुसळंबी उगवत न्हाईत. घेऊन काय करणार हायस?" मी म्हणाले, "ऊन तर पडतंय की." सगळे हसले. तू हसला नाहीस. महिन्याभरात कागद करून दिलास, एका अक्षराने वाद घातला नाहीस, आणि त्या वर्षी भाऊबीजेला आला नाहीस. मला वाईट वाटलं, पण तुझा तेवढा राग मी मान्य केला. माझा हक्क मी घेतला, तुझा रुसवा तू घेतलास. फिटंफाट.

ऊन म्हणाले ते काही चटकन सुचलेलं नव्हतं बरं. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात आम्ही बिद्रीच्या घरून साताऱ्याला लग्नाला निघालो होतो, गणपतरावांच्या भाच्याच्या नव्या कोऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून. पेठ नाक्याच्या अलीकडे गाडीतली वीज संपली. पुढचं चार्जिंग कुठे, मागचं कुठे, काही पत्ता नाही. नेसूची पैठणी सावरत मी तीन तास एका बाभळीखाली उभी होते. सावली वीतभर आणि ऊन डोंगराएवढं. साखर कारखान्यात तीस वर्षं वायरमन म्हणून काढलेला माझा नवरा घाम पुसत म्हणाला, एवढी ताकद डोक्यावर ओतली जातेय आणि आपण टोचन गाडीची वाट बघतोय. लग्न हुकलं. मला मात्र आपला माळ दिसायला लागला.

आता ये आणि बघ तो माळ. लोखंडी खांबांवर एकशे वीस पॅनेलचा मांडव आहे, त्याच्या सावलीत गाड्या लागतात. गाडीला लावायच्या चार्जिंगच्या दोन गन जलद, दोन मंद. दुपारचं जास्तीचं ऊन बॅटरीत साठतं आणि दिवस मावळल्यावर कामाला येतं. ढग आले तरच बाहेरच्या तारेवरची वीज घ्यायची. सातारा, पुणे, बेळगाव, गोवा, कुठकुठल्या गाड्या येतात. सुरुवातीला बायका लांबून बघायच्या, की ही नऊवारीतली बाई गाडीला नळी लावते म्हणजे पेट्रोलच भरत असणार. एकाने तर पाच लिटरचा कॅन आणला होता. बेळगावच्या एक डॉक्टरीणबाई दर पंधरवड्याला येतात, गाडी लावतात आणि खुर्चीत अर्धा तास डोळे मिटून पडतात. घरी कुणी असं पडू देत नाही म्हणतात. हे सगळं मी उभं केलं, उदय. छप्पन्नाव्या वर्षी. मला त्याचा अभिमान आहे आणि मी तो झाकून ठेवत नाही.

आणि यातलं अर्धं तुझ्यामुळे चाललं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. गाडी चार्ज व्हायला चाळीस मिनिटं लागतात. माणूस किती वेळ मोबाइलमध्ये तोंड घालून बसणार? शेजारून उकळत्या रसाचा वास यायचा. लोक बांध ओलांडून सरळ तुझ्याकडे चालत यायचे. गुऱ्हाळात पाय ठेवलेल्या माणसाने चव घेतल्याशिवाय जायचं नाही, ही आण्णांची शिस्त. तू माझ्याशी बोलत नव्हतास, पण माझ्या गिऱ्हाइकांना रस पाजत होतास, द्रोणात गरम गूळ देत होतास, पोरांना काकवीची बाटली बांधून देत होतास. कुणाकडून पैसे घेतले नाहीस. पुण्याच्या एका म्हातारबांनी मला विचारलं, तुमचीच शाखा का ती? मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? त्या वर्षी मला वाटत होतं की असंच चालू राहिलं तर एक दिवस तू स्वतःच एखाद्या गिऱ्हाइकाला सोडायला म्हणून बांधापर्यंत येशील.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. आपल्या घरात त्या दिवशी कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, काहिलीच्या कडांना शेंदूर लागतो, हे तुला मी काय सांगू? माझं पहिलंच वर्ष. माझं अवजार कुठलं? पॅनेल. मी शिडी लावून मांडवावर चढले, आणि तेलात कालवलेल्या शेंदराने एकशे वीस पॅनेलवर एकशे वीस स्वस्तिकं काढली, चांगली तळहाताएवढी, प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात. दोन तास लागले. कंबर मोडली, पण मन भरलं. त्यानंतर आठच दिवसांत तुझं चुलवाण पेटलं, आणि माझी वीज उतरल्याचं माझ्या ध्यानात आलं.

साधीसुधी नाही उतरली. चौथा हिस्सा गेला. दुपारी बारा वाजता, भर उन्हात, दोन गाड्या एकदम लावल्या की दोन्ही रेंगाळायला लागल्या. मोबाइलवर आलेख दिसतो, तो रोज बघायचे आणि रोज चिडायचे. पॅनेलवाल्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून सांगायचे, पॅनेल घाण आहेत, धुवा. सकाळी वारा पूर्वेचा, तुझं धुराडं पूर्वेला. उसाच्या चिपाडाचे जळके काळे पापुद्रे माझ्या मांडवावर येऊन पडताना मी या डोळ्यांनी बघत होते. गणपतराव म्हणायचे, अगं, मी रोज पहाटे पाणी मारून धुतोय, काजळी राहील कशी? मी त्यांचं ऐकलं नाही. त्याच सुमारास माल पोचवणाऱ्या एका कंपनीचे लोक आले होते. त्यांच्या वीस इलेक्ट्रिक टेंपोंना रोजची जागा हवी होती. आठवडाभर वापरून बघितलं, गाड्या वेळेत भरत नाहीत म्हणाले आणि दुसरीकडे गेले. हे माझ्या फार जिव्हारी लागलं. मला वाटलं, उदयने वाटा तर दिला, आता तो वाटा चालू द्यायचा नाही असं ठरवलंय. ओलं चिपाड मुद्दाम जाळतोय.

पुढचं तू तिथे होतास, पण मला लिहायलाच हवं. तुझ्या लेकीचा साखरपुडा. स्नेहल माझ्याही अंगाखांद्यावर वाढलेली पोर. जेवणं चालू होती, तू हातात जिलेबीचं ताट घेऊन पंक्तीत फिरत होतास. शिरोळचे तुझे व्याही विजयसिंह, फार सभ्य माणूस, सहज बोलायचं म्हणून त्यांनी मला विचारलं की स्टेशन कसं चाललंय. आणि चाळीस माणसांच्या पंक्तीत मी म्हणाले, "माझ्या भावानं वाटा तेवढा दिला, आणि त्या वाट्यावरचं ऊन काळं केलं." स्नेहलने माझ्याकडे बघितलं, ते मी विसरू शकत नाही. तू ताट खाली ठेवलंस आणि बाहेर गेलास. भांडला असतास तर बरं झालं असतं. पण तुझी खोड जुनी आहे. तू सहा वर्षांचा असताना काकवीची घागर मी लवंडली होती, मार तू खाल्लास, आणि आण्णांनी विचारलं तरी तोंड उघडलं नाहीस. तेव्हा मी गप्प राहिले होते आणि मला ते बरं वाटलं होतं, हेही आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेला धूर नव्हता. शिदूने मला नंतर सांगितलं की चुलीवर होतं तेवढं रसाचं आधण तू पुरं करू दिलंस आणि मग स्वतःच्या हाताने चुलवाणात पाणी ओतलंस. उभा ऊस कारखान्याला घातलास. हंगाम अर्ध्यावर, पन्नास वर्षांचं गुऱ्हाळ, आणि तू कुणाला कारण सांगितलं नाहीस. गावाने कारण आपापलं लावलं. बहिणीवर सूड घेत होता, उघडं पडल्यावर बंद केलं. शिरोळकरांनी नातं मोडलं नाही, पण लग्नाची तारीख धरायला ते पुन्हा आले नाहीत. हे शालूने एकदा दूध डेअरीवर मला सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून, आणि मी वळून निघून गेले.

वळून गेले, कारण तोपर्यंत मला खरं कळलेलं होतं. धूर बंद झाल्यावर महिनाभर मी आलेखाकडे बघत राहिले आणि आलेख जागचा हलला नाही. संक्रांतीच्या आधी जयसिंगपूरचा केतन बॅटरी तपासायला आला. आमचं सगळं सौर काम त्यानेच उभं केलेलं. तो शिडीवरून मांडवावर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. मग वरूनच विचारलं, काकू, हे कोपऱ्यात काय आहे? मी म्हणाले, खंडेनवमीची पूजा. तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. खाली येऊन हात पुसत म्हणाला, "काकू, काजळी पाण्यानं जाते. शेंदूर जात नाही."

मग त्याने मला समजेल असं सांगितलं. पॅनेलमध्ये बारीक बारीक चौकटी असतात, एकीला एक जोडलेल्या. पाटात एका जागी ढेकूळ पडलं की पुढच्या सगळ्या सऱ्यांना पाणी कमी मिळतं, तसं एका चौकटीवर सावली बसली की तिच्या ओळीतल्या सगळ्याच मंदावतात. मी एकशे वीस पाटांत एकशे वीस ढेकळं घालून ठेवली होती. आणि गणपतराव रोज पहाटे पॅनेल धुवायचे ते, देवाची खूण म्हणून, तेवढी जागा सोडून. तुझी काजळी ते धूत होते, माझा शेंदूर जपत होते. आम्ही दोघांनी खोबरेल तेल आणि मऊ फडकी घेऊन तीन दिवस तो शेंदूर उतरवला. चौथ्या दिवशी दुपारी आलेख जिथल्या तिथे आला. गणपतरावांनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. तुम्ही दोघं पुरुष न बोलता माणसाला फार बोलता.

त्याला आता नऊ महिने झाले. या नऊ महिन्यांचं मात्र मला काही सांगता येत नाही. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊन सांगू. मग एखादी गाडी यायची, एखादा फोन यायचा, आणि मी स्वतःला म्हणायचे, की एवढं सगळं उभं करणारी बाई शेंदरापायी वीज घालवते हे ऐकून चुलते हसतील, कागदावर सही केली असतीस तर ही वेळ आली नसती म्हणतील. मला त्यांच्या हसण्याची भीती वाटली. माझ्या हक्काला डाग लागेल म्हणून तुझ्या नावाला लागलेला डाग मी नऊ महिने तसाच ठेवला. गिऱ्हाइकं विचारायची, गुऱ्हाळ का बंद? मी सांगायचे, हंगाम नाही. मला लाज वाटते, उदय. हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही. यंदाच्या खंडेनवमीला मी खांबांना कुंकू लावलं, पॅनेलकडे बघितलंसुद्धा नाही, आणि पूर्वेला तुझं थंड धुराडं दिसलं तेव्हा ताट खाली ठेवून बसून राहिले.

शिदू परवा उठून गेल्यावर मात्र माझी सगळी कारणं संपली. चाळीस माणसांत बोललेलं एकशे ऐंशी पावलांवर तुझ्या कानात कुजबुजून फिटत नाही. म्हणून काल मी शिरोळला जाऊन आले. विजयसिंहांना सांगितलं, साखरपुड्याच्या पंक्तीला होते त्यांतले जेवढे गावात असतील तेवढे बोलवा. पंधरा-सोळा जमले. त्यांच्या सोप्यात उभी राहून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. वाटा, माळ, शेंदूर, काजळी, माझं तोंड, आणि नऊ महिने. म्हणाले, माझ्या भावाने माझं ऊन काळं केलं नाही, ते मीच केलं, आणि त्याच्यावर घातलं. विजयसिंहांच्या आईने, नव्वदीच्या असतील, कानामागे हात धरून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तू सूर्यालाच शेंदूर फासलास की गं." सगळे हसले. मीही हसले. ज्या हसण्याला मी नऊ महिने घाबरत होते ते एवढंच होतं. मग विजयसिंह म्हणाले, असा माणूस आम्हाला व्याही मिळतोय आणि आम्ही दाराशी गेलो नाही, ही चूक आमची. केतनचं ते काजळी-शेंदराचं वाक्य त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कुणाला तरी सांगायचं असणार.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, कारण कबुली तर तुला शिरोळहूनही कळली असती. निघताना विजयसिंहांनी विचारलं, गुऱ्हाळ यंदा सुरू आहे ना? मी हो म्हणाले. येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता ते एकोणीस माणसं घेऊन तुझ्याकडे येत आहेत, स्नेहलच्या लग्नाची तारीख धरायला आणि पहिल्या आधणाचा गूळ खायला. तुझ्या हातात पाच दिवस आहेत. शिदूला मी थांबवून ठेवलंय. ऊस तुझ्या रानात उभा आहे, गेल्या वर्षीचं चिपाड वाळून खडखडीत झालंय. काहीलवाल्याला नाही सांगायचं काम तेवढं तुझं. धूर माझ्या मांडवावर येईल तर येऊ दे, आम्ही धुऊन काढू. हे सगळं मी तुला न विचारता ठरवलं. ती माझी खोड आहे आणि या वयात ती जाणार नाही. फक्त एक गोष्ट मी ठरवलेली नाही, आणि ती विचारायला हा कागद काढला. गुरुवारी बांध ओलांडून मी तिथे आलेलं तुला चालेल का? नको म्हणालास तर मी इथेच थांबेन, वाईट वाटेल पण रागावणार नाही. गणपतराव समोर उभे आहेत, त्यांच्याजवळ हो किंवा नाही एवढंच सांग.

तुझीच,
आक्का